कमी व्होल्टेजचा इशारा (रास्पबेरी पाय)

रास्पबेरी पाय हा एका बोर्डवर मावणारा छोटा संगणक. त्याला मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली घसरला की तो जी सूचना देतो, तिला कमी व्होल्टेजचा इशारा म्हणतात. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह झळकते. जुन्या फर्मवेअरमध्ये (बोर्ड चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तिथे इंद्रधनुषी रंगांचा चौकोन दिसत असे. बी प्लस, पाय २ आणि पाय ३ या बोर्डांवर पॉवरचा लाल दिवाही तेवढ्यापुरता विझतो. पहिला रास्पबेरी पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये आला, पण पुरवठ्यावर लक्ष ठेवणारे सर्किट त्यात नव्हते. ते २०१४ च्या बी प्लसपासून आले.

‘व्होल्टेज कमी’ म्हटले की आपल्याकडे प्रथम आठवते ते महावितरण. पंप ओढत नाही, बल्ब मिणमिणतो, लाइट डिम आहे. या इशाऱ्याचा त्याच्याशी सहसा काही संबंध नसतो. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आले तरी पलीकडे ५ व्होल्टच देतात, त्यामुळे स्टॅबिलायझर लावून हा इशारा जात नाही. बोर्डही बहुधा निर्दोष असतो. गडबड असते ती अडॅप्टर आणि बोर्ड यांच्या मधल्या हातभर वायरीत.

वायर कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतोच, आणि जितका जास्त करंट वाहील तितके जास्त व्होल्टेज ती वाटेतच खाते. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये पुष्कळदा २८ गेजची, म्हणजे बारीक तार असते. अशी एक मीटर केबल घेतली तर जाणारी आणि येणारी तार मिळून रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. नुसता १ अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट गेले. अडॅप्टरकडून नेमके ५ निघाले तर बोर्डपाशी ४.५७ उरतात, म्हणजे इशारा आलाच. पाय ४ सोबतच्या अधिकृत अडॅप्टरला १८ गेजची दीड मीटर वायर कायमची जोडलेली असते. तिच्यात ३ अँपिअरला जेमतेम ०.१९ व्होल्ट जातात. शिवाय तो अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, ते वाटेतल्या घटीची सोय म्हणूनच. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात केबल निवडताना उलटे वाटते खरे.

मोबाइलचा चार्जर चालत का नाही, हा नेहमीचा प्रश्न. फोनमध्ये बॅटरी असते. व्होल्टेज क्षणभर पडले तर ती सांभाळून घेते, चार्जिंग थोडे हळू होते इतकेच. पायला बॅटरी नाही. त्यातच ‘६५ वॉट’ असे छापलेला लॅपटॉपचा चार्जर ती ताकद २० व्होल्टवर देतो, ५ व्होल्टवर बहुतेक वेळा ३ अँपिअरच. पाय ३ साठी २.५ अँपिअर आणि पाय ४ साठी ३ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे, तर २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ ला ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर, म्हणजे २५.५ वॉटचा लागतो. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो सुरू होतो, पण यूएसबीवरच्या सगळ्या उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. ५ अँपिअरवर हीच मर्यादा १.६ अँपिअर असते. ६०० ची मर्यादा सेटिंग बदलून उठवता येते. मात्र अडॅप्टर खरोखर तेवढा दणकट नसेल, तर त्याने इशाऱ्यालाच आमंत्रण मिळते.

इशारा आल्यावर फर्मवेअर प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवते. त्यामुळे ‘पाय हळू चालतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा केबलच निघते. यूएसबीची हार्ड डिस्क मध्येच नाहीशी होणे, मशीन गोठणे, लिहिता लिहिता एसडी कार्डवरील फाइल बिघडणे हे त्यापुढचे प्रकार.

पडदा नसलेल्या मशीनवर चिन्ह दिसत नाही. तिथे ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ जोडून विचारायचे. उत्तरात शून्य आले तर सारे ठीक. ‘शून्य एक्स ५०००५’ मधला उजवीकडचा ५ हा आत्ताचा आहे: १ म्हणजे व्होल्टेज कमी, ४ म्हणजे वेग उतरवलेला, दोन्हींची बेरीज ५. डावीकडचा ५ हेच मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेले असे सांगतो. म्हणून ‘५००००’ दिसले तर आत्ता ठीक आहे, पण मघाशी घसरण झाली होती, असा अर्थ. वेग केवळ उष्णतेमुळेही उतरतो, तेव्हा १ चा अंश आहे की नाही हे पाहावे. ४ एकटाच असेल तर पंख्याकडे वळावे. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या लॉगमध्येही घसरण आणि सावरणे या दोन्हींची नोंद वेळेसह सापडते.

शोध घेताना यूएसबीवरचे सगळे काढून मशीन नव्याने सुरू करावे. इशारा गेला तर एकेक उपकरण परत जोडत गुन्हेगार गाठता येतो. तो डिस्क असेल तर तिला स्वतःचा पुरवठा असलेला हब द्यावा. काहीही न जोडता इशारा राहिला तर आधी केबल बदलावी, अडॅप्टर मागाहून. लोक नेमके उलटे करतात: नवा महागडा अडॅप्टर आणतात आणि जुनीच केबल त्याला खोचतात.

मल्टिमीटरने मोजायचे तर बोर्डवरच, चाळीस पिनांच्या रांगेतील ४ आणि ६ क्रमांकांच्या पिनांमध्ये. अडॅप्टरच्या तोंडाशी मोजलेले ५.१ वायरीबद्दल काहीच सांगत नाही. मोजताना हात स्थिर हवा: शेजारच्या १ आणि २ क्रमांकांच्या पिना अनुक्रमे ३.३ आणि ५ व्होल्टच्या आहेत, त्या एकमेकींना टेकल्या तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. शिवाय मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा ४.९ वर निवांत असतानाही काही मिलिसेकंदांची घसरण इशारा देऊन जाते. अशा वेळी मल्टिमीटरपेक्षा इशाऱ्यावर विश्वास ठेवावा. पाय ५ वर आत येणारे व्होल्टेज थेट आज्ञेनेच वाचता येते, ही मोठी सोय झाली.

सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ची किंमत १ केली की चिन्ह दिसेनासे होते; २ केली की व्होल्टेज कमी असतानाही प्रोसेसर पूर्ण वेगाने धावू शकतो. पहिल्या उपायाला निदान पडदा स्वच्छ दिसावा एवढे कारण असू शकते, दुसऱ्याला ते कुठले हे समजत नाही. झीरो मालिकेतील बोर्डांवर हे टेहळणी सर्किट मुळातच नाही. तिथे व्होल्टेज कितीही घसरले तरी विजेचे चिन्ह उमटत नाही, आणि केबलचा दोष कळतो तो बहुधा एसडी कार्ड बिघडल्यावर.