एक बार की दोन?

रत्नागिरीजवळ मिरकरवाड्याच्या जेट्टीवर एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, केबिनमधला प्लास्टिकचा डबा उघडून दाखवला. आत संकटात मदत मागायची लाल नळकांडी, म्हणजे फ्लेअर. काही हातात धरून पेटवायची, काही आकाशात सोडायची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे यातलं रॉकेट निदान 300 मीटर वर जायला हवं आणि पॅराशूटला लटकून 40 सेकंद तरी लाल जळायला हवं.

लढाईत उजेडाने इशारा द्यायचं हेच काम आखूड, जाड नळीचं पिस्तूल करायचं. अमेरिकी नौदलातले अधिकारी एडवर्ड व्हेरी यांनी 1877 च्या सुमारास ते रुळवलं. नळीचं तोंड साधारण एक इंच, आणि गोळीऐवजी बाहेर पडायचा जळता तारा. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, लख्ख पांढरा मॅग्नेशियमचा. थोडक्यात, दिवाळीचंच रसायन. मॅग्नेशियम तर आपल्या समुद्रातही आहे, लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास. शिरोड्याच्या मिठागरात मीठ काढून झाल्यावर उरणारं पाणी कडू लागतं ते त्याच्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की 1941 मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर थेट समुद्राच्या पाण्यातून हा धातू काढायला सुरुवात झाली.

पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यावर रात्री पांढरा तारा चढला की बाहेर सरपटणारा सैनिक होता तिथेच थिजायचा, कारण नजर आधी हालचाल टिपते. शिवाय डोळ्यांना अंधार सरावायला अर्धा तास लागतो आणि तो सराव एका झगमगाटात जातो. म्हणून एक डोळा मिटून घ्यायची युक्ती. ट्रॉलरवरचा हॅलोजन विझल्यावर दोन पावलांवरचा दोरही दिसत नाही, हे खलाशांना वेगळं सांगायला नको.

मग अंधारात लाल काडतूस कुठलं, हिरवं कुठलं? बोटांनी ओळखायचं! बुडाची कड कुठे गुळगुळीत, कुठे अर्धी खाचांची, कुठे पूर्ण, नाण्याच्या कडेसारखी.

इतकं करूनही घोटाळा व्हायचा तो झालाच. 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बर. जपानी हल्ल्याचे म्होरके मित्सुओ फुचिदा यांनी विमानातून एक बार काढला. एक म्हणजे शत्रू बेसावध आहे, टॉर्पेडोवाली विमानं आधी जाऊ देत. लढाऊ विमानांच्या एका तुकडीला तो दिसलाच नाही असं वाटून त्यांनी आणखी एक काढला. पण दोन बारांचा ठरलेला अर्थ होता, शत्रू सावध आहे. झालं! सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानंही लगेच सुटली आणि ठरलेला क्रम विस्कटला. रंग, उंची, उजेड, सगळं चोख होतं. चुकली ती मोजणी.

समुद्रावर सोडलेल्या लाल बाराला मात्र एकच अर्थ, मदत हवी. मी तांडेलाला विचारलं, मुदत संपलेली दिवाळीत उडवत नाही का?

"लाल दिसला की आजूबाजूच्या होड्या जाळी तशीच टाकून धावत येतात," तो डबा बंद करत म्हणाला. "त्यांचं डिझेल कोण देणार?"