इंजिन दबतंय की हायड्रॉलिक सुस्त आहे?

"साब, मशीन दम नहीं पकड़ रही." इंदूरच्या साइटींवर जुन्या पोकलेनच्या ऑपरेटरकडून हे एकच वाक्य ऐकू येतं. त्याचा अर्थ इंजिन थकलंय असाही होतो आणि हायड्रॉलिक थकलंय असाही. मग मिस्त्री आपल्या हाताची सवय असेल ते खोलतो. डिझेलवाला इंजेक्टर काढतो, हायड्रॉलिकवाला पंप उतरवतो. बिल मात्र मालकाच्या नावावर.

डिझेल इंजिन तुम्हाला कळतं असं धरून चालतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा बोजा जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, निळा म्हणजे ऑइल जळतंय. तापल्यावर स्टार्टला त्रास देत असेल तर इंजेक्शन पंपावर संशय. ट्रकसारखंच सगळं. फरक एवढाच की ट्रकचं इंजिन गिअरबॉक्समधून चाकं फिरवतं, पोकलेनचं मुख्यतः पंप फिरवतं. बूम म्हणजे मोठा हात, पुढचा आर्म, बकेट, स्विंग म्हणजे वरच्या भागाचं गोल फिरणं, अगदी चेनसुद्धा पंपाच्या तेलावर चालते. म्हणून पंपाचं दुखणं इंजिनच्या आवाजात ऐकू येतं आणि इंजिनचं दुखणं बूमच्या चालीत दिसतं.

खरी गल्लत इथेच होते. 'दबणं' म्हणजे बोजा आल्यावर इंजिनचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) पडणं, 'सुस्त होणं' म्हणजे बूम-बकेटची चालच मंद असणं. हे दोन वेगळे आजार आहेत, पण बोलताना दोन्हींना 'पिकअप नाही' म्हणतात. हा शब्द माझ्यासमोर कोणी काढला की मी आधी रिकामं बकेट हलवायला सांगतो.

तेल तापू द्या, साधारण 50 अंशांपर्यंत. गार तेलावर केलेली परीक्षा मी मोजत नाही. फुल रेस द्या, आरपीएम पूर्ण येतोय ना ते बघा. बकेट रिकामं ठेवून बूम खालून वर न्या, मोबाइलवर सेकंद मोजा. मग स्विंग, मग आर्म, एका वेळी एकच. हवेत रिकामं बकेट हलवायला इंजिनची फारशी ताकद लागतच नाही. तेव्हा रिकामी चालही मंद असेल तर इंजिनला हात लावू नका. पंप तेल कमी देतोय, नाहीतर पायलट प्रेशर, म्हणजे लिव्हरचा इशारा मुख्य व्हॉल्व्हपर्यंत नेणारं छोटं प्रेशर, पडलंय. ते बऱ्याच मशीनवर 35 ते 40 बार असतं, तेवढं गेज लावून बघा. सगळं मंद नसून ठरावीक हालचालीच मंद असतील, तर मशीनच्या दोन मुख्य पंपांपैकी एकाकडे बघा. दोन्ही पंपांचे व्हॉल्व्हकडे जाणारे होज अदलाबदल करा. मंदपणा दुसऱ्या हालचालींकडे गेला तर दोष पंपाकडे, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हकडे.

रिकामी चाल चपळ, पण मुरमात बकेट घातलं की गाडी अडते, असं असेल तर आरपीएम बघा. आरपीएम टिकून आहे आणि बकेट नुसतं थांबतंय, तर प्रेशर कमी. 20 टनी मशीनवर मुख्य रिलीफ, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, 300 ते 350 बारच्या आसपास लावलेला असतो, तो तपासा. आरपीएम कोसळतोय आणि धूर नाही, तर डिझेल पोचत नाही. आरपीएम कोसळतोय आणि काळा धूर भसाभस येतोय, तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा पाइप. ते ठीक निघाले तरच पंपाचा रेग्युलेटर, कारण बोजा वाढल्यावर पंपाने तेल कमी करायला हवं आणि तो ते करत नाहीये. इंजिन निर्दोष असून मार खातं ते या एकाच प्रसंगी.

कंट्रोलरवाल्या, म्हणजे इंजिन आणि पंप इलेक्ट्रॉनिक पेटीने सांभाळणाऱ्या मशीन आणखी फसवतात. आरपीएम पडायला लागला की कंट्रोलर पंपाचं तेल आवरतो. त्यामुळे काटा फारसा पडत नाही, बूम मात्र रेंगाळतो आणि आजारी इंजिन हायड्रॉलिकचा रोगी वाटतं. आमच्या मेहुण्यांची मशीन इंदूरजवळच्या राऊकडे पाया खोदताना अशीच रेंगाळली. मिस्त्रीने पंप गेला म्हणून तो उतरवला, किट टाकलं, पुन्हा चढवला. चाल तीच. रिकामी चाल तर पहिल्या दिवसापासून चपळ होती, ती कोणी बघितलीच नाही. एक गोष्ट ऑपरेटर रोज सांगायचा आणि सगळे हसायचे: टाकी भरली की मशीन दोन तास बरी चालते. शेवटी टाकीकडून फीड पंपाकडे येणारा डिझेलचा होज वाकवून पाहिला, तर क्लिपच्या वर नखभर चीर. डिझेल बाहेर गळत नव्हतं, हवा आत ओढली जात होती, आणि टाकीची पातळी त्या चिरेखाली उतरली की जास्तच.

रिलीफचा स्क्रू आवळून मशीन 'तेज' करणाऱ्यांवर माझा राग आहे. वेग तेलाच्या मापातून येतो, प्रेशर फक्त जोर देतं. स्क्रू आवळून बूम एक सेकंदही लवकर वर जात नाही, होज मात्र फुटतात. सकाळी ठीक आणि दुपारी ढिली पडणारी मशीन असेल तर इंदूरच्या मे महिन्याला दोष द्यायच्या आधी पंपाची केस ड्रेन नळी (आतून झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी) काढून बादलीत धरा आणि मिनिटभरात किती तेल येतं ते मापा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा ते बरंच जास्त भरलं, तर पंप आतून झिजलाय. तेव्हा खुशाल उतरवा.