अकॅडमी, फी आणि एक निनावी मुलगा: ग्रीक शिक्षणविचाराची पार्श्वभूमी

पुण्याच्या सदाशिव पेठेतून स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या पाट्या वाचत गेलं की ‘अकॅडमी’ हा शब्द सारखा भेटत राहतो. मुळात ते झाडांच्या एका राईचं नाव. अथेन्सच्या तटबंदीबाहेर, वायव्येला, अकाडेमोस नावाच्या पुराणपुरुषाच्या नावानं ओळखली जाणारी ही जागा होती. इ.स.पू. ३८७ च्या सुमारास प्लेटोनं तिथे आपलं विद्यापीठ सुरू केलं. ‘स्कूल’ हा शब्दही ग्रीकच. ‘स्खोले’ म्हणजे फुरसत. पोटासाठी राबावं न लागणाऱ्या माणसाचा मोकळा वेळ. ग्रीकांचा शिक्षणविचार वाचताना हा अर्थ मी कधी नजरेआड होऊ देत नाही, कारण ही फुरसत सगळ्यांच्या वाट्याला नव्हती.

प्लेटोच्या आधीपासून अथेन्समध्ये शाळा होत्या, पण त्या सरकारी नव्हत्या. बाप फी भरायचा आणि मुलगा तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडे जायचा. एक अक्षरं गिरवून घ्यायचा आणि होमरचं काव्य पाठ करून घ्यायचा, दुसरा वीणेसारखं तंतुवाद्य शिकवायचा, तिसरा कुस्ती आणि व्यायाम. मुली घरीच. बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा एक मद्यचषक आहे. दुरिस नावाच्या चित्रकारानं त्यावर शाळा रंगवली आहे. भिंतीवर वाद्यं टांगलेली, एका शिक्षकाच्या हातात उघडलेली गुंडाळी, दुसरा पाटीवर काही लिहितोय, समोर अंगाभोवती वस्त्र लपेटून उभा राहिलेला मुलगा. कडेला पायावर पाय टाकून, हातात काठी घेऊन एक दाढीवाला बसला आहे. तो बहुधा ‘पायडागोगोस’, म्हणजे मुलाला शाळेत नेणारा-आणणारा घरचा गुलाम. अध्यापनशास्त्राला इंग्रजीत ‘पेडॅगॉजी’ म्हणतात, ते त्याच्यावरून.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला ही घडी अपुरी पडू लागली. अथेन्समध्ये लोकशाही होती. न्यायालयात आपली बाजू आपणच मांडायची, सभेत उभं राहून लोकांना पटवून द्यायचं. ज्याला बोलता येत नाही त्याचा निभाव लागणं कठीण. ही गरज ओळखून सोफिस्ट आले, म्हणजे गावोगाव फिरून, फी घेऊन बोलण्याची कला शिकवणारे शिक्षक: अब्देराचा प्रोटागोरस, लिओंतिनीचा गॉर्गियस. त्यांच्या फीच्या कथा झाल्या. एव्हेनस नावाच्या शिक्षकाची फी पाच मिना होती, असं प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त येतं. पाच मिना म्हणजे ५०० द्राख्मा. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा, यावरून हिशेब करावा. प्लेटोनं सोफिस्टांना ज्ञानाचे दुकानदार ठरवलं आणि ते नाव आजतागायत बदनाम राहिलं. मला हा न्याय पुरता पटत नाही. कर्तबगारी कुळातून येत नाही, ती शिकता येते, हे सोफिस्टांनी ठासून सांगितलं. उमरावांच्या मुलांखेरीज इतरांसाठी ते दार होतं, फक्त ते पैशानं उघडायचं.

सॉक्रेटिसनं फी घेतली नाही, ग्रंथ लिहिला नाही, आणि मी कोणाचा शिक्षक नव्हतो असंही सांगितलं. तरीही इ.स.पू. ३९९ मध्ये तरुणांना बिघडवण्याचा आरोप त्याच्यावर आलाच. त्याची शिकवण्याची रीत पाहायची तर प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचावा. थेसलीहून आलेल्या मेनोच्या नोकरांपैकी एका गुलाम मुलाला सॉक्रेटिस पुढे बोलावतो. ग्रीक येतं ना याला, एवढंच विचारतो. मेनो म्हणतो, येतं, आमच्या घरातच जन्मलाय.

दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा क्षणात सांगतो: दुप्पट, चार फूट. आकृती काढल्यावर क्षेत्रफळ सोळा निघतं. मग तो तीन म्हणतो. नऊ निघतं. शेवटी मुलगा झ्यूसची शपथ घेऊन म्हणतो, मला नाही माहीत. इथे सॉक्रेटिस थांबतो आणि मेनोकडे वळतो. मघाशी याला वाटत होतं आपल्याला येतं. आता येत नाही हे कळलंय, आता तो आनंदानं शोधेल. आपण याचं काही नुकसान केलं का? पुढे मूळ चौरसाच्या कर्णावर नवा चौरस उभा राहतो आणि क्षेत्रफळ बरोबर आठ भरतं. त्या रेषेला ‘कर्ण’ म्हणतात, हे सांगताना सॉक्रेटिस सोफिस्टांचाच हवाला देतो.

यातले प्रश्न बरेच सूचक आहेत, मुलगा पुष्कळदा नुसतं ‘हो’ म्हणतो. आत्म्याला पूर्वीचं ज्ञान आठवतं, हा प्लेटोनं काढलेला निष्कर्षही मानायलाच हवा असं नाही. पण दोनदा चुकलेल्या मुलाला कोणी ओरडत नाही, उत्तर सांगून मोकळंही होत नाही. साठ मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवायच्या घाईत, नेमका हाच थांबा आपल्याकडे सर्वांत आधी कापला जातो.

पुढे ‘रिपब्लिक’मध्ये प्लेटो म्हणतो की आंधळ्या डोळ्यांत दृष्टी भरावी तसं ज्ञान भरता येत नाही, दृष्टी असतेच, तोंड उजेडाकडे वळवावं लागतं. जबरदस्तीनं शिकवलेलं मनात टिकत नाही, लहान मुलांना खेळातून शिकवा, हेही त्याच ग्रंथात आहे. म्हातारपणी लिहिलेल्या ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) या ग्रंथात तो मुलींसह सर्वांना सक्तीचं शिक्षण मागतो.

इ.स.पू. ३३५ मध्ये अथेन्समध्ये ‘लायसियम’ ही आपली शाळा काढणारा ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहितो की शिक्षण सर्वांना एकच आणि सार्वजनिक हवं, पण उपयोगाचं शिकवावं, सद्गुण शिकवावेत की निखळ ज्ञान द्यावं, यावर लोकांचं एकमत नाही. दहावीचा निकाल लागल्यावर घराघरात हाच वाद चालतो. मात्र त्याच्या ‘सर्वांना’मध्ये गुलाम नव्हते. गुलाम म्हणजे जिवंत अवजार, असं त्याचं मत.

आणि ‘मेनो’तला तो मुलगा? याला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिलं तर हे कोणाइतकंही पक्कं येईल, असं सॉक्रेटिस मेनोला सांगतो. मेनो मान डोलावतो. मग दोघं सद्गुणाच्या चर्चेकडे परततात. याला पुढे भूमिती शिकवू या, असं दोघांपैकी कोणी म्हणत नाही, आणि संवाद संपेपर्यंत त्या मुलाचं नावही येत नाही.