लोकरी किल्ट कोणाकडून शिवून घ्यावा : या प्रश्नामागचा इतिहास

पारंपरिक लोकरी किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे वस्त्र, आज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन मागवला जातो. मापे भरायची, टार्टनचे, म्हणजे रंगीत चौकडीच्या नमुन्याचे, नाव निवडायचे आणि काही आठवडे, कधी काही महिने वाट पाहायची. सारख्याच दिसणाऱ्या छायाचित्रांखाली किंमत मात्र चाळीस-पन्नास पौंडांपासून पाचशे-सहाशे पौंडांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. वर्णनात ‘आठ वार’, ‘सोळा औंस’, ‘हाताने शिवलेला’, ‘प्राचीन रंग’ असे शब्द असतात. ते जाहिरातीसाठी जुळवलेले वाटतात, पण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला दोन-तीन शतकांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर शिवणाऱ्याला नेमके काय विचारायचे हे आपोआप कळते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, जो किल्ट वापरात आला तो शिवलेला नव्हताच. हातमागाचा पन्हा जेमतेम पाऊण वार असल्यामुळे दोन पट्टे एकमेकांना जोडून मोठे वस्त्र केले जाई. ते निऱ्या घालून कमरपट्ट्याने आवळत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. रात्री तेच पांघरूण होई. नऊवारी नेसणे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना यात समजावून सांगण्यासारखे फारसे नाही : निऱ्या रोज नव्याने घालायच्या, आणि त्या बसतात कशा हे कापडाच्या पोतावर नि नेसणाऱ्याच्या हातावर अवलंबून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या वस्त्राचा वरचा भाग गळाला आणि कमरेखालचा छोटा किल्ट राहिला. ग्लेनगॅरी येथे लोखंडाची भट्टी चालवणारा इंग्रज व्यावसायिक थॉमस रॉलिन्सन याने तो आपल्या कामगारांसाठी काढला, अशी कथा १७८५ साली छापली गेली. ती वादग्रस्त आहे. निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची पद्धत त्यानंतरची. नऊवारीची ‘शिवलेली नऊवारी’ झाली तेव्हा जे घडले तेच इथे घडले : नेसण्याचे कौशल्य वापरणाऱ्याच्या हातातून शिवणाऱ्याच्या हातात गेले. म्हणूनच ‘किल्ट कोणाकडून घ्यावा’ हा प्रश्न निर्माण झाला.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडाचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावाचा, पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे देशाबाहेर हद्दपारी. १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत एक पिढी सरली होती. सरकारी फौजेतल्या हायलँड पलटणींना मात्र या कायद्यातून सूट होती, आणि किल्टच्या शिवणकामावर याचा परिणाम अजून दिसतो. सैन्याला शेकडो किल्ट एका मापाचे, एका रंगाचे हवे असत. ते गावातला विणकर पुरवू शकत नव्हता. स्टर्लिंगजवळच्या बॅनॉकबर्न गावातल्या विल्सन घराण्याच्या कारखान्याने हे काम मिळवले आणि टार्टनचा धंदा मोठ्या प्रमाणावर उभा केला. त्यांच्या १८१९ च्या नमुनावहीत प्रत्येक टार्टनमध्ये कोणत्या रंगाचे किती धागे हे लिहून ठेवले आहे. त्यांच्याकडे मागण्या पत्रांनी येत. न पाहिलेल्या माणसाकडून दुरून कापड मागवणे, त्याच्या शब्दावर विसंबणे आणि नमुन्याशी ताडून पाहणे हे सगळे तेव्हापासूनचे आहे.

या पलटणी मराठी मुलुखालाही अनोळखी नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी हायलँड पलटण होती, आणि ७४ व्या पलटणीची त्या दिवशी फार मोठी हानी झाली. १८०९ मध्ये भरती सोपी व्हावी म्हणून ज्या पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेण्यात आला, त्यांत ही ७४ वीही होती.

शिवलेल्या निऱ्यांचे सर्वांत जुने नमुने १७९० च्या दशकातले आहेत. त्या चौकोनी, रुंद पेटीसारख्या निऱ्या होत्या आणि साऱ्या किल्टला सुमारे चार वार कापड पुरे. १८५० च्या दशकात गॉर्डन हायलँडर्स पलटणीने एकाच दिशेला वळणाऱ्या, सुरीच्या पात्यासारख्या अरुंद निऱ्या घेतल्या. त्या दाट बसू लागल्या आणि कापड वाढत आठ वारांपर्यंत गेले. हे आठ वार जुन्या अरुंद पन्ह्याचे आहेत. आजचे कापड दुप्पट पन्ह्याचे असल्यामुळे चार वार घेऊन ते लांबीत मधोमध कापतात आणि दोन तुकडे एखाद्या निरीच्या आत लपवून जोडतात. विक्रेता ‘आठ वार’ म्हणतो तेव्हा कोणत्या पन्ह्याचे, हे विचारण्यात संकोच मानू नये. चार वारांचा चौकोनी निऱ्यांचा किल्ट हा स्वस्तातला पर्याय समजला जातो, पण इतिहास पाहता तोच जुना आहे. माझ्या मते उष्ण हवेत वापरायचा असेल तर तोच अधिक शहाणपणाचा.

सैन्यात निऱ्या अशा घालत की प्रत्येक निरीवर एकच ठळक पट्टी यावी. नागरी किल्टमध्ये बहुधा निऱ्यांवरूनही टार्टनचा पूर्ण नमुना पुढच्या भागासारखाच दिसावा अशी मांडणी करतात. दोन्ही रीती योग्य आहेत, पण कोणती हवी हे आधी सांगावे लागते.

शिवणाऱ्याचा हात कळतो तो किल्ट उलटा केल्यावर. वीस ते तीस निऱ्या, आणि नितंबापासून कमरेपर्यंत प्रत्येक निरी थोडी थोडी निमुळती होत जाते. निमुळती होतानाही आडव्या रेषा शेजारच्या निरीशी जुळल्या पाहिजेत, म्हणून तो भाग बारीक टाक्यांनी हाताने शिवतात. आत ताठ कॅनव्हास आणि वर सुती अस्तर असते. किल्टचा सारा भार हा कॅनव्हास पेलतो. खालच्या कडेला मात्र दुमड नसते. तिथे कापडाचा मूळ काठच येतो, त्यामुळे तो काठ सुबक असणे गिरणीचे काम आहे. धोट्याच्या मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा काठाशी वळून परत येतो आणि कड पातळ, स्वच्छ राहते. धोट्याविना चालणाऱ्या मागावर धाग्याचे टोक आत खुपसलेले असेल तर कड किंचित जाड लागते. कापड गिरणीत विणले जाते, किल्ट दुसरीकडेच शिवला जातो आणि विकणारा कदाचित तिसराच असतो. या तिघांची नावे जो न अडखळता सांगतो त्याच्याकडे मी आधी वळेन. स्कॉटलंडमधल्या सेल्कर्कची लॉककॅरन ही अशीच एक प्रसिद्ध गिरणी. पाकिस्तानातल्या सियालकोटहून येणारे स्वस्त किल्ट बहुधा ॲक्रिलिकचे असतात. लोकरीच्या कापडात निरी जशी धरून राहते तशी ती त्यांत टिकत नाही.

वजन दर वारामागे औंसांत मोजतात : तेरा मध्यम, सोळा भारी. भारी कापडात निरी चांगली पडते.

टार्टनच्या नावांबाबत अधिक सावध राहावे. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली, आणि घराण्यागणिक टार्टन ही कल्पना सर्वत्र रूढ झाली. १८४२ मध्ये अतिप्राचीन म्हणून छापलेला टार्टनसंग्रह पुढे बनावट ठरला, तरी त्यातले कित्येक नमुने आज अधिकृत मानले जातात. ‘प्राचीन’ आणि ‘आधुनिक’ हे शब्दही वय सांगत नाहीत : पहिला म्हणजे वनस्पतिजन्य रंगांची आठवण देणाऱ्या फिकट छटा, दुसरा म्हणजे रासायनिक रंगांच्या गडद छटा. २००९ पासून स्कॉटलंडची सरकारी टार्टन नोंदवही सुरू आहे. नमुना तिथे पाहूनच मागणी नोंदवावी.

मापांत सर्वाधिक चूक कमरेची होते. किल्ट नाभीच्या पातळीवर बसतो, जीन्स त्याच्या बऱ्याच खाली. म्हणून पँटचा आकार न कळवता फीत लावून कंबर, नितंब आणि गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी दुसऱ्याकडून मोजून घ्यावी. स्वतः वाकून पाहिले की लांबी चुकते. नीट शिवलेला किल्ट घरी येतो तेव्हा निऱ्यांवरून आडवा पांढरा धावदोरा घातलेला असतो, प्रवासात त्या मोडू नयेत म्हणून. घालण्याआधी तो उसवून काढायचा असतो.