डोमेन कंट्रोलरची आयसोलेटेड रिकव्हरी टेस्ट

डोमेन कंट्रोलर (डीसी) म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरची सगळ्यांची खाती-पासवर्ड सांभाळणारा आणि लॉगिन देणारा विंडोज सर्व्हर. त्याचा बॅकअप चालू नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या दुसऱ्या मशिनवर चढवायचा, आणि तो खरंच उठतो का, लॉगिन देतो का हे बघायचं, ती ही टेस्ट. बोलताना नुसतं 'डीसीचं ड्रिल'. सांगलीत बँका, साखर कारखाने, कुपवाड-मिरज एमआयडीसीतले कारखाने असल्यामुळे विषय पुरापाशी येतोच : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं, म्हणजे तळमजल्यावरच्या सर्व्हर रूमचं काय ते समजून घ्यावं.

पद्धत नेमकी कधीची यावर एकमत नाही. काहीजण ती मेनफ्रेमच्या काळातल्या, बहुधा १९७० च्या दशकाअखेरच्या 'हॉट साइट' (दुसरीकडे तयार ठेवलेलं राखीव केंद्र) सरावापर्यंत मागे नेतात. पण तिथे पूर्ण मशिन बदलायची तयारी होती, डिरेक्टरीचा (खात्यांच्या यादीचा) प्रश्नच नव्हता, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं, की तिचं मूळ विंडोज एनटीच्या दिवसांत आहे. तेव्हा विंडोज २००० वर जाण्याआधी एक बीडीसी (फक्त प्रत ठेवणारा राखीव डीसी) सिंक करून वायर काढून बाजूला ठेवायचे, वेळ आली तर तोच पीडीसी (मुख्य डीसी) करायचा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज २००० बरोबर आलेली पद्धत) सगळेच डीसी लिहिणारे (स्वतःवर बदल घेणारे) झाले आणि हा सोपा उपाय अपुरा पडला.

कारण यूएसएन (अपडेट सिक्वेन्स नंबर). प्रत्येक बदलाला डीसी चढता नंबर देतो आणि जोडीदार डीसी 'याच्याकडून इथपर्यंत घेतलं' असं इन्व्होकेशन आयडीसकट (त्या डीसीच्या डेटाबेसची ओळख) लक्षात ठेवतात. डिस्कची इमेज मारून जुना डीसी उठवला की नंबर मागे जातो पण आयडी तोच राहतो, मग नवे बदल जोडीदारांना आधीच घेतलेले वाटतात आणि ते गुपचूप गळतात. पकडलं गेलं तर लॉगमध्ये इव्हेंट २०९५ पडतो, रेप्लिकेशन (डीसींमधली बदलांची देवाणघेवाण) बंद होतं. सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडीने (मशिन मागे नेलं की बदलणारा नंबर) व्हर्च्युअल मशिनचा धोका कमी केला, साध्या हार्डवेअरला त्याचा फायदा नाही, तिथे सिस्टम स्टेट बॅकअपच (विंडोजच्या पद्धतीने घेतलेला, डिरेक्टरीसकटचा) पाहिजे, तोही टूम्बस्टोन मुदतीतला, म्हणजे पुसलेल्या नोंदींच्या खुणा ठेवतात तेवढ्या दिवसांतला (जुन्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे डोमेनच्या समूहात, ६० दिवस, २००३ एसपी१ पासूनच्या नव्यांत १८०).

आयसोलेशन व्हीलॅनने (त्याच स्विचवर वेगळा कप्पा पाडून) करावं की वेगळ्या स्विचने, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. वेगळा स्विच बरा. लॅबमध्ये पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) सीझ करावे, म्हणजे जबरदस्तीने घ्यावे लागतात आणि असा डीसी चुकून खऱ्या नेटवर्कला लागला तर दोन आरआयडी मास्टर (नव्या खात्यांसाठी नंबर वाटणारा रोल) एकाच पूलमधून नंबर वाटायला लागतात.

बाकी अडचणी नेहमीच्याच. स्टोरेज ड्रायव्हर जुळला नाही की 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन. डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्तीसाठी बूट करायचा मोड) पासवर्ड डोमेन अ‍ॅडमिनचा नसतो, तो वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो सर्व्हर बसवणाऱ्यालाच माहीत, आणि तो माणूस पुण्याला गेलेला असतो. एकटा पडलेला रोलवाला डीसी पहिल्या सिंकसाठी जोडीदाराची वाट बघत बसतो, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) स्वतःकडे वळवून बाकीच्या डीसींचा मेटाडेटा (उरलेल्या नोंदी) साफ करेपर्यंत तो धड कामाला येत नाही. जुन्या मशिनची सीमॉस (घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी गेलेली असली तर तारीख मागे पडते, आणि ५ मिनिटांच्या वर फरक गेला की केर्बेरॉस (लॉगिन तपासणारी पद्धत) नकार देतं.

टेस्ट झाल्यावर डिस्क पुसून टाकतात, कारण एनटीडीएस.डिट या एका फाइलमध्ये सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) असतात, ती भंगारात जाऊन चालत नाही.