डेथ व्हॅलीचा हायवे १९०: आधी टोल रोड, मग पार्क

पुण्यात आता बहुतेक सोसायट्यांमध्ये कोणाचा ना कोणाचा मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असते, आणि आईबाबा तिकडे गेले की वेगासवरून कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची चक्कर होतेच. फोटो सगळे टाकतात, पण त्या वाळवंटात एवढा मस्त रस्ता आला कसा हे कोणी सांगत नाही, आणि मला तर तीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

डेथ व्हॅली हे नाव पडलं ते १८४९-५० च्या हिवाळ्यात, सोन्यासाठी निघालेले लोक शॉर्टकट शोधत इथे येऊन अडकले तेव्हा. टिंबिशा शोशोन या तिथल्या मूळ रहिवाशांचं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच घर होतं. पुढे टाकणखार सापडला, आपले सोनार डाग देताना वापरतात तोच, आणि १८८३ पासून काही वर्षं अठरा खेचरं नि दोन घोडे जुंपलेल्या गाड्या तो २६५ किलोमीटरवरच्या मोहावे स्टेशनला न्यायच्या.

पण मोटारींचा रस्ता झाला तो बॉब आइकबॉम या माणसामुळे. त्याला वाळूच्या टेकड्यांपाशी हॉटेल काढायचं होतं आणि पश्चिमेकडून यायला धड रस्ताच नव्हता, मग त्याने परवानगी काढून स्वतःच टोल रोड केला, १९२६ मध्ये तो सुरू झाला, गाडीला दोन डॉलर आणि वर माणशी पन्नास सेंट! हॉटेलच्या लाकडाचे ट्रक वाळूत रुतले, पुढे जाईनात, तर तिथेच हॉटेल बांधलं, तेच आजचं स्टोव्हपाइप वेल्स. टाउन पासला हा रस्ता सिंहगडापेक्षा उंच, १५०० मीटरपर्यंत चढतो आणि मग उतरत उतरत चक्क समुद्रसपाटीच्या खाली जातो.

११ फेब्रुवारी १९३३ ला प्रेसिडेंट हूव्हरनी डेथ व्हॅलीला राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारी संरक्षण असलेली जागा, जाहीर केलं, १९३४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने टोल रोड विकत घेतला, तोच आजचा हायवे १९०, आणि नॅशनल पार्क झालं थेट १९९४ ला. म्हणजे गाड्या आधी आल्या, संरक्षण नंतर. टिंबिशांना त्यांची थोडीशी जमीन परत मिळायला तर २००० साल उजाडलं, हे फार म्हणजे फारच उशिरा झालं.

रस्ता अजूनही पावसाच्या मर्जीवर आहे. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळात एका दिवसात ५६ मिलिमीटर पडला, तिथल्या वर्षभराएवढा, आणि १९० उखडला तो १५ ऑक्टोबरला उघडला. आईबाबांना न्यायचं असेल तर मे-जूनच्या उन्हात नको, दिवाळीनंतरची तिकिटं काढा आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून निघायच्या आधी रस्ता चालू आहे ना ते बघा.