घोडं पेंड खातं ते रजेपाशी

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यापुढे एक कोडं होतं. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट, यंत्राची गाडी थेट वस्तीत, तरी लोक फिरकत नव्हते. गॉडफ्रे हॉकबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणं शोधली. हा आजार मला होऊ शकतो, तो गंभीर आहे, तपासून फायदा होईल आणि वाटेतल्या अडचणी त्यापुढे किरकोळ आहेत, असं वाटलं तरच माणूस उठतो. शिवाय कुणीतरी टोकावं लागतं. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवरचे अभ्यास आजही या 'हेल्थ बिलीफ मॉडेल'चा आधार घेतात.

नोकरदार बायकांसमोर पहिल्या तीन मुद्द्यांवर भाषणं भरपूर होतात. ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना आला की गुलाबी फितीही वाटल्या जातात. माझ्या मते घोडं पेंड खातं ते चौथ्यापाशी. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे बुडालेला पगार. ऑफिसातलीची शिल्लक रजा मुलाच्या परीक्षेसाठी आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी राखलेली. "दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला?" सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून तर तपासायचं, पण हे रजेच्या अर्जात कसं लिहिणार?

१९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, पहिली मोठी चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉ. फिलिप स्ट्रॅक्स यांनी यंत्राची गाडी मॅनहॅटनच्या रस्त्यावर उभी केली, जेवणाच्या सुट्टीत बायकांना येता यावं म्हणून. तरीही बोलावलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणी आल्याच नाहीत. 'काही निघालं तर?' ही भीती गाडी दारात आणून जात नाही. तिथे नेहमीच्या डॉक्टरांचं "करून घ्या" हे एक वाक्य किंवा तपासून आलेली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांनी स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेली होती. आणि यंत्रच हवं असंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासत. वस्तीतच आणि बाईकडूनच तपासणी, म्हणजे रजा आणि संकोच दोन्ही अडथळे कमी. या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही.

कंपन्यांच्या 'हेल्थ पॅकेज'मध्ये पंचविशीतल्या मुलीलाही सरसकट मॅमोग्राफी सुचवलेली दिसली, तर विचारून घ्यावं. तरुण वयात स्तनातल्या ऊती दाट असतात. एक्स-रेवर त्याही पांढऱ्या आणि गाठही पांढरी. चाळिशीपुढे मॅमोग्राफी करायची तर पाळी येऊन गेल्यानंतरचा आठवडा बरा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. यंत्राच्या दोन सपाट प्लेटांमध्ये स्तन दाबून धरतात, पण तो दाब काही सेकंदांचाच असतो. हाताने तपासणीला तर एवढंही लागत नाही. सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी व्हायला हवी. कंपनीने एखाद्या दुपारी लेडी डॉक्टर बोलावून एक बंद खोली दिली, तर कुणाचीही रजा जाणार नाही.